शब्दात पकडणारी मुले

एप्रिल 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची फी वाढावी की नाही यावर मतदान घेतले. वाढ दर सत्राला 27 डॉलर 20 सेंटची होती. बाजूने 2541 मते पडली, विरोधात 1304. रकमेचा आकडा मुद्दाम निवडलेला होता. 1838 साली मेरीलंडमधल्या, जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी आपल्या मळ्यांवरची 272 गुलाम माणसे लुइझियानातल्या जमीनदारांना विकायचा सौदा केला आणि त्या पैशातला काही भाग कर्जात रुतलेल्या आपल्याच जॉर्जटाउनला वर काढायला वापरला. विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांसाठी हा निधी असावा, असे मुलांचे म्हणणे होते.

फी कमी करा म्हणून निघालेले मोर्चे आपण पाहिले आहेत, परीक्षा पुढे ढकला म्हणून झालेले घेरावही पाहिले आहेत. फी वाढवा म्हणणारे विद्यार्थी विरळाच. अमेरिकेत त्या वर्षी या मतदानाची चर्चा झाली ती गुलामगिरीच्या भरपाईचा प्रश्न म्हणून, आणि ते बरोबरच होते. पण या बातमीला आणखी एक पदर आहे. विद्यापीठाने आणि जेझुइटांनी दोन वर्षे आधी, एप्रिल 2017 मध्ये, वंशजांना बोलावून प्रार्थनासभा घेतली होती आणि जाहीर क्षमा मागितली होती. कॅथलिक शिकवणुकीत पापाची कबुली दिली म्हणजे हिशेब मिटला असे होत नाही. पश्चात्ताप लागतो, प्रायश्चित्त लागते, आणि दुसऱ्याचे घेतलेले शक्य तितके परत करावे लागते. कबुली झाली, पश्चात्ताप झाला, आता पुढचे काय, असे मुले विचारत होती. म्हणजे संस्थेनेच वर्गात शिकवलेली गोष्ट त्यांनी संस्थेपुढे ठेवली.

पुढची पाने विद्यार्थ्यांची आहेत. कॅथलिक विद्यापीठात शिकणे म्हणजे काय, हे तिथल्या मुलामुलींच्या तोंडून मराठीत यावे एवढाच या संग्रहाचा हेतू, आणि मला त्यासाठी जमीन तयार करायची आहे. मी ती जॉर्जटाउनच्या आधाराने करतो, कारण एकच संस्था नीट पाहिली तर बाकीच्या ओळखता येतात. कुठल्याही विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या तक्रारी असतातच. कॅथलिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मात्र तक्रारीची भाषा संस्थेकडूनच मिळते. ज्या विद्यापीठाने फक्त चांगले शिक्षण आणि बऱ्या नोकरीचा शब्द दिला आहे, त्याला सफाई कामगाराच्या पगारावरून ढोंगी म्हणता येत नाही. फार तर कंजूष म्हणता येते. जे विद्यापीठ न्यायाचा, करुणेचा, प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचा शब्द देते, ते त्या शब्दात पकडले जाते. पकडणारे बहुतेक वेळा विशीतले असतात.

मराठी वाचकाला जेझुइट परके नाहीत. साष्टीत चाळीसच्या आसपास वर्षे राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले आणि त्यांनी मराठीची केलेली स्तुती आपण शाळेपासून ऐकत आलो. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 पासून आहे. त्याच्या दगडी चौकांत बसून शिकलेल्या किती तरी मराठी माणसांनी मास कधी ऐकला नसेल, पण फादरांचा धाक आणि जिव्हाळा दोन्ही अनुभवले असतील. आपल्या मनात 'मिशनरी शिक्षण' या गोष्टीचे चित्र मात्र तिथेच थांबते: शिस्त, इंग्रजी, स्वच्छ गणवेश, आणि धर्माबद्दल सोयीस्कर मौन. पालकांना पहिले तीन हवे असतात, चौथे संस्थेनेच भारतातल्या परिस्थितीत पत्करलेले असते. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठात हे चौथे नसते. तिथे धर्म अभ्यासक्रमात असतो, वसतिगृहात असतो, अध्यक्षांच्या भाषणात असतो आणि म्हणून वादातही असतो.

जॉर्जटाउनची स्थापना 1789 ची, म्हणजे अमेरिकी राज्यघटना अमलात आली त्याच वर्षीची. संस्थापक जॉन कॅरोल हे मूळचे जेझुइट; पण 1773 मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केल्यामुळे त्या वेळी ते संघाविना उरलेले पाद्री होते, आणि लवकरच अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप झाले. कॅथलिक तेव्हा त्या देशात मूठभर आणि संशयित. अशा वेळी त्यांनी शाळा काढली ती सर्व पंथांच्या मुलांसाठी. पहिला विद्यार्थी विल्यम गॅस्टन 1791 मध्ये दाखल झाला. पुढे तो काँग्रेसचा सदस्य आणि न्यायाधीश झाला. त्याच्या नावाच्या सभागृहात आजही मोठी भाषणे होतात. पोटोमॅक नदीवरच्या टेकडीवर उभ्या असलेल्या मुख्य इमारतीला पॅट्रिक हीली यांचे नाव आहे. त्यांची आई गुलाम होती, वडील आयरिश मळेवाले. जॉर्जियाच्या कायद्याने मुलगाही गुलामच ठरत होता. तो जेझुइट झाला, बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आला आणि 1870 च्या दशकात जॉर्जटाउनचा अध्यक्ष झाला. आयुष्यभर लोक त्याला गोरा समजत राहिले, त्यानेही ती समजूत मोडली नाही. ज्या संस्थेने गुलाम विकून कर्ज फेडले, तिला आधुनिक रूप देणारा अध्यक्ष कायद्याने गुलाम म्हणून जन्मलेला होता, हे कादंबरीत कुणी लिहिले असते तर संपादकाने खोडले असते.

आता वर्गात जाऊ. जॉर्जटाउनच्या पदवीच्या विद्यार्थ्याला, तो अर्थशास्त्र शिकायला आलेला असो की जीवशास्त्र, ईश्वरविज्ञानाचे दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन विषय घ्यावेच लागतात. तत्त्वज्ञानातला एक नीतिशास्त्राचा. ईश्वरविज्ञानात पहिल्या वर्षी बहुतेक मुले जो विषय घेतात त्याचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ गॉड'. बाहेरच्याला वाटते, हा कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चची शिकवण पाठ करून घेण्याचा वर्ग असणार. प्रत्यक्षात त्याचा एकच ठरीव अभ्यासक्रम नाही. कोणी प्राध्यापक ऑगस्टीनपासून सुरुवात करतो, कोणी फ्रॉइडपासून, कोणी ज्यूंच्या नरसंहारानंतर देवाचे काय करायचे या प्रश्नापासून. शिकवणारा पाद्री असेल, मुस्लिम विचाराचा अभ्यासक असेल, किंवा स्वतः निरीश्वरवादी असेल. देव आहे का, असला तर जगात इतके दुःख का, आणि नसला तर माणसे त्याला का सोडत नाहीत, यावर सत्रभर वाचायचे, लिहायचे आणि भांडायचे.

सक्ती आहे म्हणून कुरकुर असतेच. अभियांत्रिकीच्या आपल्या मुलांना पहिल्या वर्षी 'कम्युनिकेशन स्किल्स' जसा वाटतो तसाच तो अनेकांना आधी वाटतो: उरकून टाकायचा. पण चार वर्षांनंतर काय आठवते असे विचारले की याच विषयाचे नाव वारंवार निघते, हे जॉर्जटाउनच्या माजी विद्यार्थ्यांशी बोललेल्या कुणालाही ठाऊक असते. मला यात आश्चर्य वाटत नाही. अठराव्या वर्षी माणूस या प्रश्नांवर एरवीही रात्र रात्र बोलत असतो. फरक इतकाच की इथे त्याला गुण मिळतात आणि पूर्वी कोण काय बोलून गेले हे वाचावे लागते. आपल्या विद्यापीठांत धर्माचा अभ्यास संस्कृत, इतिहास आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांत वाटला गेला आहे आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी यांपैकी एकाच्याही दारातून जात नाही. मग तो धर्म व्हॉट्सअॅपवर शिकतो.

ही सक्ती कतारमध्येही आहे. जॉर्जटाउनने 2005 मध्ये दोहा इथे शाखा काढली. तिथे विद्यार्थ्यांत मुस्लिम मुलांचा भरणा आहे, आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी घरांतली मुलेही आहेत, आणि 'द प्रॉब्लेम ऑफ गॉड' त्यांनाही चुकत नाही. कॅथलिक विद्यापीठाचा हा वर्ग अरबस्तानच्या वाळवंटात भरतो आणि कुणाचा धर्म बुडत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या धर्मरक्षकांनी एकदा जाऊन पाहावी अशी आहे.

वर्गातले हे स्वातंत्र्य आपोआप आलेले नाही. ते मिळवण्यात विद्यार्थ्यांचाही हात आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक प्रसंग जॉर्जटाउनमध्ये नव्हे, तर त्याच शहरातल्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये घडला. हे विद्यापीठ अमेरिकी बिशपांनी स्थापलेले. एप्रिल 1967 मध्ये विश्वस्तांनी फादर चार्ल्स करन या तरुण ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाला नोकरीत पुढे ठेवायचे नाही असे ठरवले. करन गर्भनिरोधासारख्या विषयांवर चर्चच्या अधिकृत भूमिकेहून वेगळे बोलत. विद्यार्थी संपावर गेले, पाठोपाठ प्राध्यापक गेले, विद्यापीठ काही दिवस अक्षरशः बंद पडले. या संपात पाद्री होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी आणि जोगिणीही होत्या. विश्वस्तांनी निर्णय मागे घेतला आणि करन यांना बढती दिली. त्याच उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे नोत्र दामचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने कॅथलिक विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि त्यांनी जाहीर केले की खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचे तर बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, चर्चच्या सत्तेपासूनही, स्वायत्तता हवी.

गोष्ट इथे संपली असती तर फारच सरळ झाली असती. 1986 मध्ये व्हॅटिकनने करन यांना कॅथलिक ईश्वरविज्ञान शिकवण्यास अपात्र ठरवले आणि त्यांना ते विद्यापीठ सोडावे लागले. 1990 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज काढला. त्यात विद्यापीठाच्या संशोधनस्वातंत्र्याला मान्यता आहे, पण कॅथलिक ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्याला चर्चची अनुज्ञा लागेल असेही आहे. या दोन टोकांमध्ये ताणलेली दोरी अजून सैल झालेली नाही, आणि विद्यार्थी तिच्या दोन्ही बाजूंना असतात. हे दोन्ही बाजूंना असणे महत्त्वाचे. कॅथलिक विद्यापीठातला जागरूक विद्यार्थी म्हणजे उदारमतवादी बंडखोर, असे चित्र आपण पटकन रंगवतो. जॉर्जटाउनमध्ये 1990 च्या दशकात वर्गांच्या भिंतींवर क्रूस हवेत म्हणून मोहीम चालवली ती विद्यार्थ्यांनीच. प्रशासन चाचरत होते, मुले मागे लागली, क्रूस लागले. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा गॅस्टन सभागृहात भाषणाला आले तेव्हा व्हाइट हाउसच्या विनंतीवरून व्यासपीठावरची चिन्हे झाकली गेली, त्यात येशूच्या नावाची 'आयएचएस' ही अक्षरेही झाकली गेली. तेव्हाही सगळ्यांत कठोर शब्द धार्मिक वृत्तीच्या कॅथलिकांचे होते. 'द एक्झॉर्सिस्ट'चे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे जॉर्जटाउनचे जुने विद्यार्थी. ती गोष्ट घडतेही त्याच परिसरात. 2013 मध्ये त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला की हे विद्यापीठ पुरेसे कॅथलिक राहिलेले नाही, त्याला वळणावर आणा नाहीतर त्याचे नाव काढून घ्या. सैतान घालवण्यावर कादंबरी लिहिलेल्या माणसाचा अर्ज वृत्तपत्रांनी हसतखेळत छापला खरा, पण अर्जातला युक्तिवाद 2019 च्या मतदानातल्या युक्तिवादाच्याच जातीचा होता: तुम्ही म्हणता ते आहात का?

या प्रश्नाचा सर्वांत नेमका उपयोग माझ्या मते 2005 मध्ये झाला. जॉर्जटाउनच्या इमारती झाडणारे बरेचसे कामगार कंत्राटी होते, आणि त्यांच्या मजुरीत वॉशिंग्टनसारख्या महाग शहरात घर चालत नव्हते. विद्यार्थ्यांनी काही वर्षे सभा घेतल्या, आकडे मांडले, समित्यांत बसले. समित्यांचे जे होते ते झाले. मग मार्चमध्ये वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी उपोषण सुरू केले. दिवस कॅथलिकांच्या उपवासकाळाचे, ईस्टर तोंडावर आलेला. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले होते की मजुराने करार मान्य केला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे तिच्यात भागले पाहिजे. हे परिपत्रक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होते. उपोषण करणाऱ्या मुलांना मार्क्स उघडावा लागला नाही. साधारण नऊ दिवसांनी विद्यापीठाने न्याय्य रोजगाराचे धोरण मान्य केले आणि ते कंत्राटी कामगारांनाही लागू केले. आपल्याकडच्या किती संस्थांच्या दिवाणखान्यात संस्थापकाची तसबीर आणि तिच्याखाली समतेवरचे वचन लावलेले असते, आणि त्याच संस्थेत तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्षानुवर्षे मानधनाची वाट पाहत असतो. तसबिरीखालचे वचन वाचून प्राचार्यांच्या दालनात गेलेला विद्यार्थी मात्र मी फारसा ऐकलेला नाही.

सगळीकडे असा निकाल लागत नाही. समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेला मान्यता द्यायला जॉर्जटाउनने नकार दिला तेव्हा 1980 मध्ये मुले कोर्टात गेली. 1987 मध्ये निकाल आला तो मोठा मासलेवाईक होता: विद्यापीठाने या संघटनेला टपालपेटीसारख्या सोयी इतरांसारख्याच द्याव्यात, मात्र धर्मतत्त्वाविरुद्ध तिला मान्यता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. एकवीस वर्षांनी विद्यार्थ्यांच्या नव्या मोहिमेमुळे 2008 मध्ये विद्यापीठाने स्वतःच या विद्यार्थ्यांसाठी केंद्र काढले, आणि त्याचे समर्थन केले ते प्रत्येक विद्यार्थ्याची सर्वांगाने काळजी घेण्याच्या जेझुइट परंपरेच्या आधारे. गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्या गटाला मात्र आजवर मान्यता नाही. विद्यापीठाचे टोपणनाव 'होया'. या गटाला ते वापरायची परवानगी नाही, म्हणून तो आपल्या नावात 'ओ'च्या जागी एक चांदणी छापतो. पत्रकांवरची ती चांदणी म्हणजे मनाई आणि मनाईची टिंगल, दोन्ही एकाच चिन्हात.

2012 मध्ये सँड्रा फ्लूक ही जॉर्जटाउनच्या कायदा शाखेची विद्यार्थिनी अमेरिकी संसदेतल्या सदस्यांपुढे बोलली. विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरावा, असे तिचे म्हणणे. जॉर्जटाउनचा विमा तो धरत नव्हता. रश लिंबॉ या रेडिओवरच्या बोलघेवड्याने तिला घाणेरड्या शब्दांत हिणवले. तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन डीजोया यांनी पत्र काढून तिची बाजू घेतली. तिच्या मागणीची नव्हे, तिच्या बोलण्याच्या हक्काची आणि बोलण्यातल्या सभ्यतेची. धोरण बदलले नाही. संस्थेशी भांडणाऱ्या विद्यार्थिनीची अब्रू जपायला संस्थेचा प्रमुख धावतो आणि तरी तिची मागणी नाकारतो, ही भूमिका कुणाला दुटप्पी वाटेल. मला ती मोठी वाटते. मतभेद असलेल्या विद्यार्थ्याला 'संस्थेची बदनामी' या कलमाखाली नोटीस देण्याची आपल्याकडची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांनाही बहुधा वाटेल.

गुलामविक्रीच्या प्रकरणाकडे पुन्हा यायला हवे, कारण त्यात विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग मोठा आहे आणि बातम्यांत तो हरवतो. हा इतिहास दडलेला नव्हता. जेझुइटांनी आपल्या मळ्यांची कागदपत्रे टापटिपीने जपली होती, इतिहासकारांनी त्यावर लिहिलेही होते. 1990 च्या दशकात अमेरिकन स्टडीजच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती कागदपत्रे इंटरनेटवर आणली. तरी परिसरातल्या एका इमारतीला मल्लेडी आणि दुसरीला मॅकशेरी ही नावे तशीच होती. हे दोघेही विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषवलेले, दोघेही त्या विक्रीत पुढे असलेले. 2014 मध्ये 'द होया' या विद्यार्थी वृत्तपत्रातून या इतिहासावर लेख येऊ लागले, आणि नेमके त्याच सुमारास जेझुइटांचे जुने निवासस्थान असलेली मल्लेडींच्या नावाची इमारत दुरुस्त करून वसतिगृहासाठी उघडण्याचे काम चालले होते. आपण कुणाच्या नावाच्या खोलीत झोपणार, हा प्रश्न मग पुस्तकी राहिला नाही. 2015 मध्ये विद्यापीठाने अभ्यासगट नेमला. त्याच नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला आणि काही दिवसांत दोन्ही नावे उतरली. आज एका इमारतीला आयझॅक हॉकिन्सचे नाव आहे. विक्रीच्या कागदातले ते पहिले नाव. दुसरीला अॅन मरी बीक्राफ्टचे. जॉर्जटाउन याच नावाच्या वस्तीत काळ्या मुलींसाठी शाळा चालवणारी आणि पुढे जोगीण झालेली ही स्वतंत्र काळी स्त्री. वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखे प्राधान्य मिळू लागले, आणि त्यातून आलेले काही विद्यार्थी 2019 च्या मतदानाच्या मागे उभे होते.

विरोधात पडलेली 1304 मते दुष्टाव्याची नव्हती हेही सांगायला हवे. कर्ज विद्यापीठाचे, पाप पाद्र्यांचे. मग आज कर्ज काढून शिकणाऱ्या, स्वतः गरीब किंवा स्थलांतरित घरातून आलेल्या मुलाने ते का फेडावे? या प्रश्नाला बाजूने मत देणाऱ्यांकडेही पूर्ण उत्तर नव्हते. विद्यापीठाने मतदान बंधनकारक मानले नाही. विद्यार्थ्यांकडून फी न घेता वर्षाला सुमारे 4 लाख डॉलर उभे करून वंशजांच्या वस्त्यांतल्या कामाला देऊ, असे त्याने 2019 च्या ऑक्टोबरात सांगितले. काही विद्यार्थ्यांना हा विजय वाटला, काहींना हुशारीने केलेली सुटका. 2021 मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर मिळून 10 कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले.

कॅथलिक नसलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. जॉर्जटाउनने 1999 मध्ये पूर्णवेळ इमाम नेमला, आणि असे करणारे ते अमेरिकेतले पहिले विद्यापीठ मानले जाते. 2016 मध्ये पूर्णवेळ हिंदू धर्मगुरू आला. परिसरात आज मशीद आहे, हिंदू, जैन, शीख आणि बौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'धर्मालय' आहे. घरून देवाला नमस्कार करून निघालेल्या मुलाला आधी वाटते, इथे आपल्याला लपावे लागणार. मग ध्यानात येते की ज्या विद्यापीठात कुणीच देवाचे नाव काढत नाही, तिथल्यापेक्षा इथे स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलणे सोपे आहे. मात्र प्रश्नही विचारले जातात. आपण हिंदू म्हणजे नेमके काय मानतो, हे सांगताना बऱ्याच जणांची पहिल्यांदा भंबेरी उडते.

शेवटी ज्या गोष्टीवर विद्यार्थी सर्वांत जास्त आणि सर्वांत अस्वस्थ होऊन लिहितात तिच्याकडे येतो: नोकरी. 1973 मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधल्या वालेन्सिया इथे संघाच्या शाळांतून शिकून गेलेल्या युरोपातल्या प्रतिष्ठितांपुढे भाषण केले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असे त्यांनी विचारले आणि उत्तरही दिले: प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आमचे काम, असे त्यांनी सांगितले. श्रोत्यांतले बरेच चिडले. आज तेच वाक्य, स्त्रियांचा समावेश करून, जॉर्जटाउनच्या झेंड्यांवर आणि माहितीपत्रकांवर आहे. आणि त्याच जॉर्जटाउनमधून दर वर्षी पदवीधरांचा मोठा लोंढा कन्सल्टिंग कंपन्यांकडे आणि न्यूयॉर्कच्या बँकांकडे जातो.

ही शर्यत शेवटच्या वर्षी सुरू होत नाही. पहिल्या वर्षीच विद्यार्थी क्लबांच्या मुलाखती सुरू होतात. गुंतवणुकीचा क्लब, सल्लागारांचा क्लब, 1972 पासून विद्यार्थ्यांनीच चालवलेली कॉफीची आणि वाणसामानाची दुकाने. काहींत शिरणे विद्यापीठात शिरण्याइतकेच अवघड. ज्या संस्थेत प्रत्येक माणसाची काळजी घ्यायची शिकवण आहे, तिथे सतरा-अठरा वर्षांची मुले एकमेकांना नकाराची पत्रे पाठवतात, यावर विद्यार्थी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे लिहिले जाते आणि क्लब तसेच चालू राहतात. इथे शब्दात पकडायला समोर पाद्री नाही, अध्यक्ष नाही. नकार लिहिणारा आणि नकार वाचणारा दोघेही विद्यार्थीच. 60 हजार डॉलरच्या पुढे गेलेल्या वार्षिक फीचे ओझे डोक्यावर घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीने जेझुइट स्वयंसेवक दलात वर्षभर तुटपुंज्या भत्त्यावर काम करावे की बँकेची पहिल्या वर्षाची रक्कम घ्यावी, हे अरुपेंच्या भाषणात लिहिलेले नाही. तरी ती ते भाषण वाचते, कारण ते अभ्यासक्रमात आहे. या संग्रहाचे शेवटचे प्रकरण अशा निर्णयांचे आहे आणि वाचकाने हवे तर तिथून सुरुवात करावी. विद्यापीठाला धारेवर धरणारी हीच मुले तिथे स्वतःबद्दल लिहिताना बरीच मऊ होतात, काही ठिकाणी सबबी सांगतात, आणि एकदोघे त्या सबबी ओळखून पुढच्याच परिच्छेदात खोडूनही टाकतात.